पोटातील कळ अंगावर काढू नका

पोटाच्या विकाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्वच्छ केले, ही विनयपिटकातील कथा आपण मुलांना सांगतो. पण घरात मुलगा कळवळला की ओवा-हिंग देऊन त्याला परीक्षेला धाडतो.

बेंबीभोवतीची कळ काही तासांत उजवीकडे खाली सरकली, खोकताना वाढली, मळमळ व ताप आला, तर अपेंडिक्सची शंका घ्यावी. एरंडेल मुळीच देऊ नये. सुजलेले अपेंडिक्स फुटू शकते. फुटल्यावर कधी दुखणे थोडा वेळ कमी होते, आणि इथेच आपण फसतो. पोट लाकडासारखे ताठ होणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पाळी चुकलेल्या भगिनीच्या ओटीपोटात कळ, यांपैकी काहीही दिसले तर मध्यरात्रीसुद्धा १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालय गाठावे. तोवर रुग्णाला काही खाऊपिऊ घालू नये.