आठवडाभर घरची, रविवारी रानातली

नागपूरच्या महालातल्या बोळात चारचाकी उभी केली की तिचे दार पुरते उघडायला जागा उरत नाही. सरकत्या दाराची मारुती व्हॅन आमच्याकडच्या जुन्या वस्त्यांत इतकी का रुजली, याचे उत्तर तिथेच आहे. १९८४ मध्ये ती आली, १९८८ मध्ये ‘ओम्नी’ असे तिचे बारसे झाले आणि २०१९ पर्यंत ती बनत राहिली. इंजिन अवघे ७९६ सीसीचे. पण ते पुढच्या सीटखाली दडवल्यामुळे उरलेला सारा डबा माणसांना आणि सामानाला मोकळा! (एप्रिल-मे महिन्यांत नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा चालकाला या सोयीची किंमत बसल्या जागी कळते.)

आमच्याकडे ती २००४ मध्ये आली. घरात माणसे सात. सोमवार ते शनिवार ती मुलांना शाळेत सोडी, कळमन्याहून गव्हाची पोती आणी, शेजारच्या लग्नात वऱ्हाडी वाही. पैसे घेऊन मात्र कधी नाही; खासगी नंबरच्या गाडीला भाड्याची परवानगी नसते. आईचे गुडघे निकामी झाले तेव्हा तिला वाकून मोटारीत शिरणे जमेना. व्हॅनमध्ये ती सरळ पाऊल टाकून बसे. ही गाडी नसती तर आईचे बाहेर पडणे दवाखान्यापुरतेच उरले असते.

जर्मनीत फोक्सवॅगनने १९५० मध्ये अशीच डबेवजा गाडी काढली. पुढे युरोप-अमेरिकेतल्या कुटुंबांनी तिच्यात गाद्या घातल्या, चूल मांडली आणि देश पालथे घातले. आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये. डबा पार्टी आणि गोवऱ्यांवरचे रोडगे वैदर्भीय माणसाला कोणी शिकवावे लागत नाहीत. फक्त आपण दिवे लागणीला घरी परततो, एवढाच फरक.

आम्ही तो फरक मिटवला. थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवारी मागचे बाक बोल्ट सोडून काढायचे, सतरंजीवर दोन गाद्या टाकायच्या आणि रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकडे निघायचे. मागे काढलेल्या बाकाच्या जागी प्रवासी बसवायचे नाहीत, हा घरचा नियम. बाकीची मंडळी बसने येत. व्हॅनमध्ये आई आणि नाती झोपत, आम्ही बाहेर तंबूत. सरकत्या दाराला जुनी मच्छरदाणी चिमट्यांनी लावली की वारा येई, डास येत नसत. रात्री आरावर रोडगे, वांग्याची भाजी, वरण. गोवऱ्या घरून न्याव्यात, तिथली लाकडे तोडू नयेत.

मुक्काम कुठेही ठोकता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. पेंचसारख्या व्याघ्रप्रकल्पात रात्र काढायची तर अधिकृत निवासातच. बाहेरही जागेच्या मालकाला विचारूनच गाडी लावावी. बहुतेक वेळा शेतकरी पाण्याची सोयसुद्धा दाखवतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण घरच्या व्हॅनवाल्याचा भरवसा अजून अशा ओळखीपाळखीवरच आहे.

आणखी एक गोष्ट मी कोणालाही हात धरून सांगेन. काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपू नका, आणि आत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

गाडी विकावी की नाही, यावर आमच्याकडे दोन वर्षे वाद चालला. धाकट्या भावाचे म्हणणे, असा उपयोगी डबा पुन्हा मिळणार नाही. माझ्या मुलाचे म्हणणे, समोरून धडक बसली तर चालकाचे गुडघे आणि पुढचा पत्रा यांत अंतर ते किती? ओम्नीचे उत्पादन थांबले ते नव्या सुरक्षा-निकषांमुळेच. शाळेच्या मुलांनी ठासून भरलेल्या व्हॅन पाहिल्या की मला मुलाचे पटे. राज्याने शालेय वाहतुकीचे नियम २०११ मध्ये केले, तरी दप्तरे दाराबाहेर लोंबतातच.

शेवटी २०२२ मध्ये आम्ही ओम्नी काढली आणि ईको घेतली. दार तसेच सरकते. आईला मात्र नव्या गाडीत चढायला उंच वाटते, म्हणून एक लाकडी पाट कायम मागे ठेवलेला असतो. खिंडसीला तोच तिचा बसायचा पाट.