रंग उसना आणि रंग घरचा

नायगावजवळ शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, चरताना दिसतात. दादरच्या बाजारात एखाद्या डाळिंबावर काळपट, तडकलेला डाग दिसतो. तो बहुधा ‘तेल्या’ रोगाचा. या दोघांची तुलना कशासाठी? रंगासाठी.

रोहिताची पिल्ले करडी असतात. पुढे येणारा गुलाबी रंग शैवाल आणि बारीक कवचधारी प्राणी यांतील कॅरोटिनॉइडांचा. पक्ष्याचे शरीर ही द्रव्ये बनवू शकत नाही. खाल्लेल्यात थोडा बदल करून पिसांत भरते, एवढेच. आहारात ती नसतील तर नवी पिसे फिकी येतात.

तेल्याचा जिवाणू झँथोमोनास. ग्रीक भाषेत झँथोस म्हणजे पिवळा. मात्र डाळिंबावर हा पिवळेपणा शोधू नये! तो दिसतो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या वसाहतींत. हे रंगद्रव्य जिवाणू स्वतः तयार करतो आणि त्यात चक्क ब्रोमीन असते. घडण वेगळी असली तरी एकाआड एक दुहेरी बंध असलेली कार्बनची साखळी दोन्ही रंगद्रव्यांत आहे. ती निळसर प्रकाश शोषते आणि उरलेला आपल्याला दिसतो.

हा रंग जिवाणूला उन्हाच्या माऱ्यापासून वाचवतो, असे त्याच्या भाईबंदांवरील प्रयोगांत आढळले आहे. उघड्या पानावर तगलेला जिवाणू पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर शेजारच्या झाडावर जातो. सोलापूर-नाशिककडे पावसाळ्यातला मृग बहार म्हणूनच धास्तीचा. रोगट बागेतले गुटी कलम लावले, तर रोग पहिल्या दिवसापासूनच बागेत येतो.