आधी कुठला दिवा बदलायचा?

सुरतेतल्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. अनेकांची घरं एकमेकांना चिकटून, खिडकी फक्त पुढच्या बाजूला. मागच्या खोलीत भर दुपारीही दिवा लागतो. यंत्रमागावर बारा तासांची पाळी असली की कुणी पहाटे परततं, कुणी तेव्हाच डबा घेऊन निघतं, त्यामुळे ओट्यावरचा दिवा फारसा विझत नाही. नवा एलईडी मात्र आधी लागतो तो पाहुणे बसतात त्या पुढच्या खोलीत. जुना पिवळा बल्ब मागे जातो. बचतीचं गणित नेमकं इथेच चुकतं. दिवा बदलताना खोलीचा मान पाहू नये, तो रोज किती तास जळतो ते पाहावं.

हिशेब सोपा आहे. ६० वॉटचा बल्ब रोज सहा तास जळला तर महिन्याला सुमारे ११ युनिट खातो. तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दीड युनिटाच्या थोडा वर. युनिटला पाच रुपये धरले तरी महिन्याला ४५ रुपये वाचतात, म्हणजे शंभराचा दिवा अडीच महिन्यांत फिटतो. हाच दिवा दिवसातून दहा मिनिटं लागणाऱ्या संडासात बसवला तर फिटायला वर्षं जातील. शिवाय पिवळा बल्ब घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. सुरतेच्या उन्हाळ्यात, पत्र्याखालच्या खोलीत ही शेगडी कुणाला हवी आहे?

‘एलईडी महाग,’ हा आक्षेप आता जुना झाला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. एकगठ्ठा खरेदीमुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा सरकारी कंपनीला दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांना मिळू लागला. ‘लवकर जातो,’ ही तक्रार मात्र खरी आहे. पण बहुतेक वेळा एलईडी जात नाही, तर दिव्याच्या बुडातलं सर्किट तापून जातं. म्हणून बंद काचेच्या झुंबरात तो कोंडू नये, आणि हातगाडीवरचा बिननावाचा दिवा घेण्याऐवजी तारांकित लेबल व हमी असलेला घ्यावा, बिल जपून ठेवावं. ‘स्वस्त पडतो म्हणून लोक चालूच ठेवतात,’ असंही म्हणतात. ठेवत असतीलही; पण ९ वॉटचे पाच दिवे एकदम जळले तरी ४५ वॉट होतात, एका जुन्या बल्बपेक्षा कमीच.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: बिलाचा मोठा भाग पंख्याचा, मग दिव्याने काय होणार? मुद्दा बरोबर आहे. ७५ वॉटचा पंखा सोळा तास फिरला तर महिन्याला ३६ युनिट जातात. ३० वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा साडेचौदांत भागवतो. पण त्याला अडीच-तीन हजार मोजावे लागतात, आणि भाड्याच्या घरात बऱ्याचदा पंखा घरमालकाचा असतो. दिवा शंभरात येतो, होल्डरमधून काढून पुढच्या घरी नेता येतो. जास्त जळणारे दोन दिवे बदलले तर वर्षाला हजारावर रुपये सुटतात. तेवढ्यावर दोन-तीन वर्षांत पंखा निघतो.