श्रोत्याची सिद्धता : ‘बार्दो थोडोल’पासून सायकेडेलिक मार्गदर्शिकेपर्यंत

एखादी संहिता एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत जाते तेव्हा तिचा आशय कसा बदलतो, याची चर्चा तौलनिक साहित्याभ्यासात पुष्कळ झाली आहे. त्या संहितेने गृहीत धरलेला श्रोताही तिच्याबरोबर जातो का, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो. भारतीय शास्त्रपरंपरेत ग्रंथाचा विषय आणि प्रयोजन यांबरोबरच त्याचा ‘अधिकारी’ कोण, हेही आरंभीच सांगण्याचा प्रघात आहे. ‘बार्दो थोडोल’ या तिबेटी ग्रंथाचा विसाव्या शतकातील प्रवास या संकल्पनेच्या आधारे पाहण्याजोगा आहे. सायकेडेलिक द्रव्याने येणाऱ्या अनुभवासाठी ध्यानसाधना ही पूर्वतयारी ठरू शकते का, या आजच्या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा त्या प्रवासात सापडतो.

‘मधल्या अवस्थेत श्रवणाने मुक्ती’ असा या ग्रंथनामाचा अर्थ आहे. मरणोन्मुख किंवा मृत व्यक्तीला उद्देशून तो वाचला जातो. मृत्युक्षणीचा निर्मळ प्रकाश, त्यानंतर शांत व उग्र देवतांची दर्शने आणि शेवटी पुनर्जन्माकडे नेणारी ओढ, अशा तीन अवस्थांचे त्यात वर्णन आहे. जे दिसते ते आपल्याच चित्ताचे रूप आहे हे ओळखावे, असे श्रोत्याला वारंवार सांगितले जाते. ज्याने हयातीत साधना केली आहे, त्याला ही ओळख पहिल्याच अवस्थेत पटू शकते. इतरांना पुढे पुन्हा पुन्हा संधी मिळते. म्हणजे साधकाच्या बाबतीत हे श्रवण नव्या उपदेशाचे नसून, गुरूकडून पूर्वी मिळालेल्या उपदेशाचे स्मरण आहे.

१९२७ मध्ये ऑक्सफर्डहून या ग्रंथाचे इंग्रजी रूप प्रसिद्ध झाले. संपादक इव्हान्स-वेंट्झ यांना तिबेटी भाषा येत नव्हती. मूळ भाषांतर काझी दावा समदूप यांचे. गंगटोकच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळलेल्या आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात तिबेटी शिकवणाऱ्या या विद्वानाचे १९२२ मध्येच निधन झाले होते. इंग्रजीत हा ग्रंथ दीक्षाविधी आणि गुरुपरंपरा यांपासून सुटा होऊन सर्वसाधारण वाचकाच्या हाती आला. १९३५ च्या जर्मन आवृत्तीसाठी युंग यांनी लिहिलेल्या भाष्याने त्याला मानसशास्त्रीय वाचनाची जोड दिली. मृत्यूचा ग्रंथ मनाचा नकाशा म्हणून वाचण्याची वाट अशी मोकळी झाली.

टिमथी लिअरी, राल्फ मेट्झनर आणि रिचर्ड अल्पर्ट यांचे ‘द सायकेडेलिक एक्स्पीरियन्स’ (१९६४) हे पुस्तक याच वाटेवरचे आहे. त्यात देहाच्या मृत्यूची जागा अहंभावाच्या लोपाने घेतली, आणि तीन अवस्था एलएसडीसारख्या द्रव्याच्या सत्रातील टप्पे झाल्या. पूर्वतयारीचा विचार लेखकांनी टाळलेला नाही; मनोभूमिका आणि परिस्थिती यांवर त्यांचा भर आहे. परंतु दीर्घ अभ्यासाने घडणाऱ्या अधिकाराचे काम येथे बऱ्याच प्रमाणात मार्गदर्शिकेच्या वाचनाकडे आणि सत्रातील मार्गदर्शकाकडे गेले. यांपैकी अल्पर्ट १९६७ मध्ये भारतात आले, नीम करोली बाबांचे शिष्य होऊन ‘राम दास’ झाले आणि साधनेकडे वळले, ही घटना या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

ज्या आल्डस हक्सली यांना ही मार्गदर्शिका अर्पण केली आहे, त्यांची ‘आयलंड’ (१९६२) ही कादंबरी मात्र वेगळी मांडणी करते. पाला या कल्पित बेटावर ‘मोक्ष-औषध’ आहे. पण तेथील शिक्षणात अवधानाचा अभ्यास बालपणापासून आहे, आणि माणसांना सावध करणाऱ्या मैनाही त्या शिक्षणाचाच भाग आहेत. तरुणांना हे औषध प्रथम मिळते ते खडतर गिर्यारोहणानंतर, शिवमंदिरातील विधीत. औषध ही क्वचितची मेजवानी आणि ध्यान हा स्वतः रांधलेला रोजचा स्वयंपाक, असा भेद कादंबरीतील पात्रे करतात. अधिकाराची कल्पना अशा प्रकारे मार्गदर्शिकेपेक्षा कादंबरीने अधिक जपली.

अलीकडच्या प्रयोगांत हीच कल्पना पुन्हा पुढे आली आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अभ्यासात (२०१८) ७५ व्यक्तींना सायलोसायबिनबरोबर ध्यानादी साधनांचा कार्यक्रम देण्यात आला. दीर्घकाळ टिकणाऱ्या बदलांशी द्रव्यामुळे आलेल्या गूढानुभवाचा आणि साधनेच्या प्रमाणाचाही संबंध आढळला. झुरिकच्या संशोधकांनी (२०१९) अनुभवी ध्यानाभ्यासकांना पाच दिवसांच्या ध्यानशिबिरात सायलोसायबिन किंवा निष्क्रिय द्रव्य दिले. ध्यान हे द्रव्याचे अनुकूल परिणाम वाढवते आणि संभाव्य क्लेशकारक प्रतिक्रियांना आवर घालते, असे त्यांचे अनुमान आहे. दोन्ही अभ्यास लहान आणि नियंत्रित वातावरणातील आहेत. त्यांवरून सरसकट नियम काढता येत नाही.

तरीही प्रयोगशाळेतील तयारी आणि तिबेटी परंपरेतील अधिकार यांचा मेळ अर्धाच बसतो. प्रयोगात ध्यान हा परिणाम सुधारणारा, मोजता येणारा घटक असतो, आणि अनुभव हे साध्य. परंपरेत दर्शने कितीही तेजस्वी असली तरी त्यांत न गुंतता त्यांचे स्वरूप ओळखणे हे साध्य, आणि ध्यान हा त्या ओळखीचाच सराव. एका मांडणीत साधना अनुभवासाठी आहे. दुसरीत अनुभव ही साधनेची कसोटी आहे. भाषांतरात शब्दांबरोबर हा क्रम पोहोचला की नाही, हे तपासल्याशिवाय अशा ग्रंथांच्या स्वीकाराचा इतिहास पूर्ण होत नाही.