आवाज नको, शब्द हवेत

मैत्रिणींनो, टीव्हीचा आवाज किती ठेवायचा यावरून तुमच्या घरात कुरबुरी होतात का? होत नसतील तर तुम्ही भाग्यवान! बाकी घरोघरी एकच तऱ्हा. मालिकेतली माणसं बोलायला लागली की काही कळत नाही म्हणून आवाज वाढवायचा, आणि जाहिरात लागली की दचकून कमी करायचा. पुन्हा मालिका, पुन्हा रिमोट. यात आपल्या कानांचा दोष किती आणि त्या टीव्हीचा किती, हे कुणी बघत नाही. यावर उपाय म्हणून आता साउंडबार नावाची लांबुडकी पट्टी मिळते. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या पणदऱ्याच्या घरात याच पट्टीवरून पंधरा दिवस चर्चासत्र चाललं होतं. त्यातून जे कळलं ते तुमच्याही कामाला येईल.

आधी टीव्हीचं बघू. जुना डबा टीव्ही आठवा. मागे हे एवढं पोट! पण त्यात स्पीकर बसवायला जागा होती, आणि बहुतेक वेळा तो पडद्याच्या शेजारी नाहीतर खाली, आपल्याकडे तोंड करून असायचा. आताचा टीव्ही भिंतीला चिकटून बसतो. एवढ्याशा जाडीत मोठा स्पीकर मावणार कुठे? म्हणून छोटे छोटे स्पीकर खालच्या कडेला किंवा पाठीमागे बसवतात. चित्र आपल्याकडे बघतं आणि आवाज जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे जातो, तिथून आपटून आपल्याकडे येतो. त्यात आपल्या बैठकीच्या खोल्या कशा? खाली गुळगुळीत फरशी, चारी बाजूंना सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब. शब्द नुसता घुमतो. आणि टीव्ही शोकेसच्या खणात ठेवलेला असेल, तर निम्मा आवाज त्या खणातच राहतो.

आता कानाचं. आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्यात. "हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलत्यात," हे त्यांचं ठाम मत. आवाज मोठा केला तर म्हणायच्या, "अगं, आवाज येतोय गं, पण काय म्हणत्यात ते कळंना." ही तक्रार पुष्कळ घरांत असते, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. वय वाढतं तसे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर जाड, खालच्या पट्टीतले. स, श, त, थ, फ ही व्यंजनं मात्र बारीक आणि हलकी. शब्द ओळखायचा तर ती लागतातच. 'सात' की 'हात', 'चार' की 'फार' हे त्यांच्यावरूनच कळतं. नुसता आवाज वाढवला तर स्वर अंगावर येतात आणि व्यंजनं मागेच राहतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला एकाच वेळी कमी ऐकू येतं आणि मोठ्या आवाजाचा त्रासही होतो. हा काही हट्टीपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं साठीपुढच्या २५ टक्क्यांहून अधिक लोकांना अडचण होण्याइतकं कमी ऐकू येतं.

आमच्याकडे रात्रीची जेवणं झाली की सगळे टीव्हीसमोर. विनोदी कार्यक्रम लागला की आत्या पडद्याकडे न बघता आमच्याकडे बघायच्या. आम्ही हसलो की त्या हसायच्या. माझ्या धाकट्या जावेनं हे मला एकदा भाकरी थापताना हळूच सांगितलं. नंतर नंतर त्या जेवण झालं की पडवीत जाऊन एकट्या बसायला लागल्या. विचारलं तर, "मला नाय आवडत त्यातलं." कुणाला काही खटकलं नाही. मला मात्र ते फार लागलं, कारण ही बाई ऐकण्याची किती हौशी आहे हे मला ठाऊक आहे. त्यांच्या लग्नानंतर घरात रेडिओ आला होता. पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ सालचं. १ एप्रिल १९५५ पासून तिथून गदिमा आणि सुधीर फडके यांचं गीतरामायण दर आठवड्याला लागायचं, अशी ५६ गीतं झाली. आत्या तेव्हा लहान होत्या. पुढे पुन्हा पुन्हा लागायचं तेव्हा त्यांनी ते ऐकलं, आणि त्यातलं अर्धंअधिक त्यांना आजही पाठ आहे. तेही कसल्या यंत्रावर? एक लाकडी खोकं आणि त्यात एकच स्पीकर! पण तो तोंडासमोर होता, आणि त्याला निवेदकाचा शब्द पोचवायचा होता, बस्स.

आमच्या ह्यांचं मत वेगळं. "घ्यायचाच तर वूफरवाला मोठा घेऊ, पिक्चर बघायला मजा येईल." आता आमच्या भागात वूफरची हौस सांगायला नको. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर. त्यांचा टेप अर्ध्या किलोमीटरवरून छातीत धडधडतो, पण ट्रॅक्टर दारातून गेला तरी गाणं कोणतं होतं ते कळत नाही. धमधम आणि शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून चांगलं कुणी समजावणार नाही. शिवाय धमधम भिंतीतून आरपार जाते. आमच्या पलीकडच्या खोलीत दहावीचं पोर अभ्यासाला बसतं.

दुकानात गेलं की पहिली गोष्ट ऐकवतात ती वॉट. "ताई, हा बघा, पाचशे वॉट!" पूर्वी टू-इन-वनच्या खोक्यावर 'पीएमपीओ' म्हणून हजारांतले आकडे छापायचे, तसलाच हा मोह. तुम्ही शांतपणे विचारायचं, "आरएमएस किती?" सतत निघणारी खरी ताकद ती. आणि हेही लक्षात ठेवा, वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. फक्त तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीला तीस-चाळीस वॉट आरएमएस भरपूर झाले.

खोक्यावर २.०, २.१, ३.१ असलेही आकडे असतात. पहिला आकडा समोरच्या आवाजवाटा किती ते सांगतो आणि टिंबानंतरचा एक म्हणजे वूफर. ३.१ मध्ये मधली वाट खास बोलण्यासाठी असते, ती शब्दांसाठी उत्तम, पण असे बार लांब आणि महाग. छोट्यात २.० बहुधा पुरतो. मात्र त्याला 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' नावाचं बटण हवं. त्यानं बोलण्याची पट्टी वर उचलली जाते आणि मागचं संगीत दबतं. 'नाइट' बटण असलं तर आणखी बरं. मोठे आवाज खाली येतात, बारीक वर येतात, जाहिरातीला दचकायला होत नाही. 'डॉल्बी अॅटमॉस' हे नाव छोट्या बारवर दिसलं तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. छताकडे तोंड केलेले स्पीकर त्यात नसतील, तर तो परिणाम नुसता भासवलेला असतो.

खरेदीला निघण्याआधी घरात टेप लावून मोजून घ्या. ३२ इंची टीव्ही साधारण ७२ सेंटिमीटर रुंद असतो, ४३ इंची ९६ च्या आसपास. छोटा साउंडबार ४० ते ६० सेंटिमीटरचा. टीव्ही पायांवर उभा असेल तर खाली किती उंचीची फट आहे ते बघा. बार उंच निघाला तर टीव्हीच्या रिमोटचा डोळा झाकला जातो आणि मग रोज उठून वाकून बटण दाबा! शोकेसमध्ये ठेवणार असाल तर अगदी पुढच्या कडेला ठेवायचा, आत ढकलायचा नाही, आणि त्यावर क्रोशाचा रुमाल तर मुळीच घालायचा नाही. (मी हे कुणाला उद्देशून लिहिलंय ते जाऊबाईंना कळेल.)

टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च घेऊन बघा. एचडीएमआयच्या एका खाचेशेजारी 'एआरसी' लिहिलेलं असेल तर काम सोपं. बारलाही एआरसी असलेला घ्या, एक वायर जोडा, झालं. पुष्कळदा त्याच खाचेत डिशच्या डब्याची वायर घुसवलेली असते, ती काढून दुसऱ्या खाचेत घालायची. एआरसीचा मोठा फायदा म्हणजे टीव्हीच्याच रिमोटनं बारचा आवाज कमी-जास्त होतो. म्हाताऱ्या माणसाच्या हातात दोन रिमोट दिले की ते यंत्र घरात असून नसल्यासारखं. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक गोष्ट चालू करावी लागते. सॅमसंगवर तिचं नाव 'एनीनेट प्लस', एलजीवर 'सिंपलिंक', सोनीवर 'ब्राव्हिया सिंक'. टीव्ही जुना असून एआरसी नसेल तर 'ऑप्टिकल' खाच किंवा हेडफोनची पिन चालते. ब्लूटूथनं टीव्ही जोडायच्या फंदात शक्यतो पडू नका, कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. आधीच कमी ऐकू येणारं माणूस ओठ बघून निम्मं समजून घेत असतं, त्याची पंचाईत होते. फोनवरचं कीर्तन लावायला मात्र ब्लूटूथ झकास.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी घ्यायचा त्याला दुकानात न्या. आम्ही आत्यांना बारामतीला नेलं. "माझं काय काम तिथं?" म्हणत निघाल्या, पण नवं लुगडं नेसून! दुकानदारानं पहिल्यांदा गाड्या उडवणारा सिनेमा लावला. सगळी दुकानं असंच करतात, कारण त्यावर कुठलाही बार भारी वाटतो. आम्ही माझ्या फोनमधल्या तीन गोष्टी लावायला सांगितल्या. बाईच्या आवाजातल्या बातम्या, भीमसेनांचा एक अभंग आणि टाळ-मृदंगाच्या गजरातलं कीर्तन. बातम्या अगदी हळू आवाजात लावायच्या आणि आठ-दहा फुटांवर बसून ऐकायच्या. हळू असतानाही शब्द सुटा येतो का ते बघायचं. कीर्तनात टाळ वाजताना बुवांचं बोलणं बुडतं का ते ऐकायचं. मोठ्या वूफरवाल्याला आत्या म्हणाल्या, "भांडी पडल्यागत वाजतंय." दुसरा होता दोन फुटांहून आखूड, वूफर नसलेला. बातम्या लागल्या आणि त्या खुर्चीत पुढे सरकल्या. बाईनं सांगितलेलं सोयाबीनचं सगळं त्यांनी आम्हाला परत सांगितलं. ह्यांनी मुकाट्यानं खिशात हात घातला.

किमतीचं म्हणाल तर दोन-तीन हजारांपासून मिळतात, पण एआरसी आणि डायलॉगचं बटण असलेला बरा बार घ्यायला साधारण पाच ते आठ हजार धरून चला. बिल पक्कं घ्या, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख बघा, दुरुस्ती कुठे होते तेही विचारून ठेवा. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. वीज फार खात नाही, इन्व्हर्टरवर आरामात चालतो. आपल्याकडे व्होल्टेज खाली-वर होतं, तेव्हा स्पाइकगार्डमधून जोडा. खोली फार घुमत असेल तर खाली सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा टाका. हा उपाय तर निम्मा फुकटचा आहे.

एक गोष्ट मात्र साउंडबार करत नाही. तो टीव्हीचा दोष काढतो, कानाचा नाही. आमच्याकडे बार आल्यावर टीव्ही कळायला लागला, पण मागच्या दारातून हाक मारली तर आत्यांना ऐकू जायची नाही ती नाहीच. तेव्हा त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हा विभाग आहे. ऑडिओमेट्री नावाची तपासणी असते, सुई नाही की दुखणं नाही. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. एका कानात मळ घट्ट बसला होता, तो काढला. दुसऱ्या कानाला यंत्र लागेल असं सांगितलं. "यंत्र लावलं की लोक म्हातारी म्हणतील," यावर आठवडाभर अडून बसल्या. शेवटी नातीनं समजावलं तेव्हा कुठे तयार झाल्या.

बार आणला तेव्हा आवाज अठरावर ठेवावा लागायचा. कानात यंत्र आल्यापासून तो अकरावर आहे आणि पलीकडच्या खोलीत दहावीचा अभ्यास चालू आहे. आत्या जेवण झालं की पडवीत न जाता आमच्यात बसतात. महिनाभर त्यांनी सगळ्या मालिका मन लावून ऐकल्या. मग एके रात्री म्हणाल्या, "आता समदं कळाया लागलं बाई. पर ऐकण्यासारखं त्यात काय नव्हतंच की गं!" तेव्हापासून रात्री नऊला आमच्याकडे कीर्तन असतं, आणि ह्यांना मालिका फोनवर बघावी लागते.