शिकारी पक्ष्यांच्या नख्या : शब्द आणि वस्तुस्थिती

घारीने कोंबडीचे पिल्लू उचलले की "पंजात धरून नेले" असे आपण सहज म्हणतो. 'पंजा' हा शब्द फारसीतील 'पंज' म्हणजे पाच या संख्येवरून आला आहे. घारीच्या पायाला बोटे मात्र चारच असतात. तीन पुढे व एक मागे. प्रत्येक बोटाच्या टोकाला बाकदार नखी असते. आपल्या नखांप्रमाणे तीही केराटिन या द्रव्याचीच बनलेली असते.

इंग्रजीत या नख्यांना 'टॅलन' म्हणतात. जुन्या फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ टाच असा होता. हा शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो. कारण गरुड, शिक्रा यांच्या पायाची मागची नखी सर्वांत मोठी असते व भक्ष्यात तीच खोल रुतते. पाय दुमडला की आतील कंडरा ताणल्या जाऊन बोटे आपोआप मिटतात आणि पकड घट्ट बसते. मासे पकडणारा ऑस्प्रे तर बाहेरचे बोट मागे वळवू शकतो. त्याचे तळवे खरखरीत असल्याने निसरडा मासाही सुटत नाही.

आता गिधाडाचे पाय पाहा. नख्या बोथट, पकड दुबळी. जिवंत प्राणी उचलून नेणे त्याला जमत नाही. मेलेल्या जनावरावर पाय रोवावा व चोचीने मांस तोडावे, एवढाच त्याचा उद्योग. तरीही 'गिधाड' हा शब्द संस्कृत 'गृध्र' पासून आला असून त्याच्या मूळ धातूचा अर्थ हाव धरणे असा आहे! गावाबाहेरची घाण जो साफ करतो, त्यालाच आपण लोभी हे नाव दिले आणि त्याची शिवी केली.

त्याची किंमत उशिरा कळली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला व मूत्रपिंडे निकामी होऊन ती मेली. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. परंतु तोवर माळावरची मढी कुजू लागली होती व ती खायला मोकाट कुत्री जमू लागली होती.

म्हणून कोणाचीही पारख करताना त्याला चिकटलेल्या नावाआधी त्याचे काम पाहावे. गिधाडाच्या बोथट नख्या हेच सांगतात.