खांदा बसला, पण हात का उठेना?

कोल्हापुरातल्या घरांना लाल माती नवी नाही. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही तालमींची नावं इथल्या बायकांनाही तोंडपाठ. राजर्षी शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ सालचं; तेव्हापासून पोराच्या दूध-बदामाचा हिशेब आयाच सांभाळत आल्या आहेत. मग भगिनींनो, त्याच्या खांद्यातली एक नाजूक गोष्टही आपल्याला ठाऊक हवी.

खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात. पण उखळ कसली, उथळ बशीच ती! दंडाच्या हाडाचा गोळा तिला नुसता टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूबाजूंनी फिरतो; आणि पसरलेल्या हातावर पडलं, की गोळा निसटतोही. बहुतेक वेळा तो पुढं आणि खाली, काखेकडे सरकतो. नेमका तिथंच एक मज्जातंतू असतो. मानेतून निघालेला हा तंतू काखेतून मागं वळतो आणि दंडाच्या हाडाला वेढा घालून खांद्यावरच्या गोल, भरदार स्नायूत शिरतो. डॉक्टर त्याला ॲक्झिलरी नर्व्ह म्हणतात. पैलवानाला पैलवान दिसवणारा तो स्नायू याच्याच हुकमावर चालतो. गोळा निसटला की हा तंतू ताणला जातो, क्वचित तुटतोही.

ओळखायचं कसं? ब्लाउजच्या बाहीनं झाकते ना, ती दंडाची बाहेरची बाजू. बाजूबंदाच्या जरा वर. मुलाला डोळे मिटायला सांगून दोन्ही दंडांवर कापूस फिरवा. दुखऱ्या बाजूला बधिर वाटलं, तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. मात्र स्पर्श कळतो म्हणून निर्धास्त होऊ नका. संवेदना शाबूत राहून स्नायू लुळा पडल्याचंही आढळतं. म्हणून सांधा बसवण्याआधी आणि नंतरही ही तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

आपल्याकडे पहिली धाव हाडवैदाकडे किंवा वस्तादांकडे. कुस्तीत वस्तादांचा शब्द शेवटचा, पण हाडाला चीर गेली आहे का, हे एक्स-रेशिवाय त्यांना तरी कसं दिसावं? हिसका मारून खांदा बसवणं म्हणजे ताणलेल्या तंतूला आणखी ताण. हात गळ्यात बांधा आणि सरळ सी. पी. आर. किंवा जवळचा दवाखाना गाठा.

धीर देणारी गोष्ट अशी, की नुसता ताणलेला तंतू बहुधा आपोआप सुधारतो. वेळ मात्र लागतो. दुखावलेला तंतू वाढतो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, महिन्याला बोटाच्या एका पेराएवढा! तेल चोळून तो वेग वाढत नाही. तोवर सांधा आखडू नये म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हापासून, सांगतील तसा व्यायाम रोज करून घ्यायचा. पोरं इथंच कंटाळतात.

पण वाट तरी किती पाहायची? तीन महिन्यांत स्नायू जरासुद्धा हलेना, खांद्याची गोलाई उतरून तो चपटा दिसू लागला, तर ई. एम. जी. तपासणी करून तज्ज्ञ शल्यविशारदांना दाखवा. पायातल्या तंतूचा तुकडा जोडता येतो, किंवा दंडामागच्या स्नायूची एक शाखा इकडे वळवता येते. हे साधारण सहा महिन्यांच्या आत झालेलं बरं. हुकूम न मिळालेला स्नायू सुकत जातो. वर्ष-दीड वर्ष उलटलं की तंतू जोडूनही फारसा उपयोग होत नाही.

आणि हे काही पैलवानांपुरतंच नाही हं. न्हाणीघरात पाय घसरून सासूबाईंचा खांदा निखळतो. महिन्यानं वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही, आणि घरात सगळे म्हणतात, "वयामुळं खांदा आखडलाय." तुम्ही त्यांचा हात हळूच वर करून पाहा, दुखलं तर तिथंच थांबा. आखडलेला खांदा तुमच्यानंही वर जात नाही. तुम्ही उचलल्यावर हात सहज वर जातो, पण सोडताच खाली पडतो, तर ते आखडणं नव्हे. मज्जातंतू दुखावला असेल, नाहीतर खांद्यातली कंडरा फाटली असेल. उतारवयात कंडरा पुष्कळदा फाटते, आणि ते सोनोग्राफीत दिसतं.